छावणीप्रमुख झालो तरी मी तोच

१२ फेब्रुवारी २०१३
दुष्काळामुळे सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. चेअरमन अर्जुनरावांनी मला छावणीप्रमुख केलं. गावात बारावी झालेले इतरही आहेत, पण माझ्यातली लीडरशिप त्यांना दिसली असावी. ठराव : पदाची हवा डोक्यात जाऊ द्यायची नाही. जनावरांजवळ मुक्कामाला आलेल्या मालकांबरोबर खालीच बसायचं. खुर्ची फक्त पाहुण्यांसाठी.

१३ फेब्रुवारी
खुर्चीवर बसलो. कंबर दुखत होती.

१५ फेब्रुवारी
शिट्टी घेतली. हाका मारून माणसं जमत नाहीत. शाळेपासूनचा दोस्त बंकट म्हणाला, "काहून फुकतो रं धर्म्या? पीटीचा मास्तर झालास का?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर त्याला बाजूला घेऊन समजावलं, चारचौघांत 'धर्म्या' नको. माझं काही नाही, पदाचा मान असतो.

१८ फेब्रुवारी
बंकटची बायको छबुबाई चारावाटपाला उशिरा आली. उसाचे वाढे दिले नाहीत. ती म्हणाली, "भाऊजी, मानूस चुकलं तर बैलानं उपाशी ऱ्हायचं का?" आतून वाईट वाटलं. वरून दाखवलं नाही. नियम म्हणजे नियम.

१९ फेब्रुवारी
घरी चहासाठी चुकून शिट्टी वाजवली. बायकोनं ती हिसकावून पिठाच्या डब्यात टाकली. म्हणाली, "हितली प्रमुख म्या हाय." काढून झटकली, तरी दिवसभर वाजवताना पीठ उडत होतं. शिस्त मात्र राहिली.

२२ फेब्रुवारी
मला बघून लोक आता उठून उभे राहतात. मी सांगितलेलं नाही. (एकदाच सांगितलं होतं.) माणसाची पर्सनॅलिटी बोलते. बंकट एकटा उठला नाही. त्याच्याच भल्यासाठी त्याचे बैल सावलीच्या जाळीखालून काढून उन्हात बांधायला लावले. मनात राग अजिबात नव्हता.

२३ फेब्रुवारी
बंकट बैल घेऊन चौसाळ्याच्या छावणीत गेला. बरं झालं, कटकट गेली.
जेवण गेलं नाही. ऊन लागलं असावं.

२ मार्च
अर्जुनराव पाहणीला आले. माझ्या खुर्चीवर बसले. मी छत्री धरली. सावली त्यांच्यावरच राहावी म्हणून उन्हाबरोबर मी हळूहळू सरकत होतो, हे नंतर लक्षात आलं. म्हणाले, "आमचा रामकिसन बीडहून आलाय, पुतण्या. रिकामाच हाय. उद्यापासून त्यो बघंल." मला बरंच बोलायचं होतं. "जी साहेब" म्हणालो. शिट्टी कुणी मागितली नव्हती, तीही काढून दिली.

३ मार्च
घरची म्हैस घेऊन बाकीच्या मालकांसारखाच छावणीत दाखल. ठराव : रामकिसन वयानं लहान, त्याच्याशी बरोबरीनं बोलायचं. त्याच्यासाठी उठायचं नाही.
शिट्टी वाजली. सगळ्यांच्या आधी मी उठलो. तो काही बोललाच नव्हता, तरी "चुकलं" म्हणालो.

४ मार्च
एसटीनं चौसाळ्याला गेलो. माफीबिफी नाही, सहज भेटायला. बंकट बैलांजवळ बसला होता. मला बघताच उठला. गोणपाट झटकून अंथरलं, स्वतः उभाच राहिला. "बसा साहेब." मला बसवेना. सांगितलं, पद गेलंय माझं. चुकलो मी. दोन मुस्काडात मार, पण मला साहेब म्हणू नको.
खाली बघून म्हणाला, "बरं साहेब."