चौकशीच्या आधी

प्रिय ठमे,

जावईबापू आलेच आहेत, तर त्यांच्याच हाती हे पाठवतोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘अगं, ऐक’ म्हणेपर्यंत औषध, जेवण, झोप असं सगळं विचारून, उत्तरंही तूच देऊन मोकळी होतेस. तर आधी तब्येतीचं. टाके सुकलेत. जिना चढतो, दाढी करतो, वरच्या मजल्यावाल्याशी पाण्यावरून भांडतोसुद्धा. म्हणजे माणसात आलो असं समज.

काल पहिलवानाचा फोन आला होता, हॉस्पिटलात आपल्या शेजारच्या खाटेवर होता त्याचा. घोरणं अजून तसंच आहे, असं त्याची बायको मागून ओरडून सांगत होती. तो म्हणाला, ‘काका, माझं इन्शुलिन परत कधी देताय?’ मला हसू फुटलं आणि टाके दुखले. तुला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही, ठाऊक आहे मला. हर्नियासाठी गेलेला बाप डोळ्यांदेखत घामाने निथळला, बरळायला लागला, शुद्ध हरपून पडला. आई अशाच एका वॉर्डातून परत आली नाही. तेव्हापासून तू माझ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देतेस. हॉस्पिटलकडे केलेल्या तुझ्या तक्रारीतला शब्द न् शब्द त्या भीतीने लिहिलाय, हे मला कळतं.

मोठ्या सिस्टर परवा घरी येऊन गेल्या. आपल्या चष्मेवाल्या सिस्टरला कामावरून बाजूला ठेवलंय. पोरगी घरी बसून आहे, जेवत नाही, म्हणाल्या. तिची बाजू घ्या असं त्या एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत. चौकशीला याल का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. मला घाम फुटला, तेव्हा तुला वाटलं ऑपरेशनचा अशक्तपणा. मलाही तेच वाटलं. पहिलवानाने ‘सिस्टर, माझी सुई राहिली की’ म्हणून हाक मारली. तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धावलीच. डॉक्टरांना तिने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘सर, यांचं इन्शुलिन मी काकांना दिलंय.’ आवाज कापत होता, पण वाक्य स्वच्छ होतं. म्हणून सलाइनमधून लगेच साखर चढवता आली. ती गप्प बसली असती, तर तो अशक्तपणाच ठरला असता आणि त्या गोंधळात मी गेलो असतो.

मी जन्मभर बस चालवली. ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखालीच उभं राहून लोक मला विचारायचे, ‘मास्तर, पुढचा स्टॉप कोणता?’ लहानपणी तू माझ्या मागच्या सीटवर बसायचीस. आई दटावायची, ‘बाबा गाडी चालवतायत, बोलू नकोस,’ आणि तू दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायचीस. उतरल्यावर मात्र साठवलेलं सगळं एका दमात ओतायचीस. सिस्टरच्या ट्रेवर तसली पाटी नसते, ठमे. वॉर्डात तिला जो तो हाक मारतो.

चौकशीत मी काय सांगणार, ते आता लिहितो. चूक तिची आहे. माझ्या मनगटावरची पट्टी वाचल्याशिवाय तिने सुई टोचायला नको होती. हे मी आधी सांगीन. पण ती पट्टी वाचायला तिने माझा हात उचलला होता. नेमकं तेव्हाच तू म्हणालीस, ‘सिस्टर, सकाळपासून सांगतेय, बाबांना दुसरी उशी द्या. आत्ता म्हणजे आत्ता.’ तिने माझा हात खाली ठेवला, उशी आणली, माझ्या पाठीमागे नीट लावली, आणि ट्रे उचलून सरळ इंजेक्शन दिलं. तुझ्या तक्रारीत सगळं आहे, उशीचं तेवढं नाही. विसरली असशील. किंवा आठवत असेल आणि झोप येत नसेल. जावईबापू म्हणत होते, हल्ली तू रात्री जागीच असतेस. तुला दोष द्यायला मी सांगणार नाहीये, मलाही दुसरी उशी हवीच होती. पण ती पोरगी सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊन बसली आहे आणि उशीचं तिने कोणालाच सांगितलेलं नाही. चौकशीत तू माझ्या समोरच बसलेली असशील. चारचौघांत हे बापाच्या तोंडून पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र.

तुझाच,
बाबा