होडीच्या सिनेमाची सुरुवात

ती. बाबा,

प्लास्टर नसलेल्या पायाला हात लावून नमस्कार.

ताई लिहिते, पडल्यापासून तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसता. म्हणून तीन सिनेमे सुचवतो, निरनिराळ्या देशांचे, फारसे कुणी न पाहिलेले. नावं ताईला कळवलीत, ती फोनवर लावून देईल.

पहिल्यात दोन म्हातारे चोर आहेत, हसून पोट दुखेल. दुसरा भुताचा, पण त्यात भूतच घरातल्यांना घाबरून पळतं. तिसऱ्यात बाप-लेक एकमेकांशी न बोलता होडीला रंग देतात.

खरं सांगायचं तर मी तिन्हींचे शेवटच पाहिलेत. थिएटरात झाडू मारतो ना, खेळ सुटायच्या आधी दहा मिनिटं दारात उभं राहावं लागतं. मॅनेजर मला 'पाहुणा' म्हणतो, कारण वर्षातली ही चौथी नोकरी. तुम्हाला नवल वाटणार नाही. जेवण वेळेवर होतं, कंबर तेवढी धरते. फिरून फिरून दमलोय, बाबा. काय सांगत होतो? हां, होडी.

त्या दोघांचं आधी कशावरून बिनसलं होतं, तेवढं बघून कळवा. ताईकरवी नको, स्वतः लिहा. घर सोडल्यापासून तुमचं अक्षर पाहिलं नाही. आधी चार ओळी शिव्या घातल्यात तरी चालतील.

तुमचा,
धाकटा