बाळाच्या कानातली अजान

पुणे, रविवार

मेहरुन,

तुला दुआ, तुझ्या अम्मींना माझा सलाम.

परवा फोनवर मी नुसतं हूं-हूं केलं म्हणून रागावली असशील. माझ्या जिभेचं ऑपरेशन झालंय. तुझे दिवस भरत आलेत, म्हणून आधी कळवलं नाही. जखम भरतेय, पेज गिळता येते. काळजी करू नकोस.

इथल्या डॉक्टरीणबाई पक्क्या पुणेरी. ‘मी बरा होईन का?’ असं पाटीवर लिहून विचारलं, तर म्हणाल्या, “आधी अक्षर बरं करा.” मग प्लास्टरचं तोंड आणून दाखवलं. जीभ म्हणजे एक मांसाचा तुकडा नव्हे, आठ स्नायू एकमेकांत गुंफलेले असतात. माझ्या जिभेचा पुढचा भाग काढावा लागला. ओठांचे आणि गालांचे स्नायू शाबूत आहेत, त्यामुळे ‘अम्मी’, ‘अब्बा’ येतं. पण ‘अल्लाह’ म्हणायला जिभेचं टोक वर टेकवावं लागतं, आणि टोकच राहिलं नाही. रोज आरशासमोर बसून प्रयत्न करतो. शेजारच्या खाटेवरचे गोपाळकृष्णकाका तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडतात. भला माणूस आहे.

तुझ्या पायांची सूज उतरली का? अम्मींची कंबर कशी आहे?

एक ऐक. बाळ झाल्यावर त्याच्या कानात अजान मीच देणार, असं आपलं ठरलं होतं. आता माझी वाट पाहू नका. करीमभाईंना बोलावून घे, त्यांचे उच्चार साफ आहेत.

कुणी विचारलंच, तर बापाला रजा मिळाली नाही म्हण.

तुझा,
शमशुद्दीन