एक बी चावून बघा

आबा, जय भीम.

पंचशील घेतलेल्या घरात वाइन व्हणार म्हणून तुमी गेल्या साली तामलवाडीला राजपालदादाकडं निघून गेलात. म्या अडवलं न्हाय.

त्याच हंगामात मशीननं साखर बरोबर दाखवली आन् म्या पांढरी द्राक्षं तोडली. गोडी न ठेवता केलेली ती कोरडी वाइन हिरवट, कडू लागली. औंदाबी मशीन ‘तोडा’ म्हणलं, पण म्या तुमच्यासारखं बी चावलं. कच्चं व्हतं. पाच दिवस थांबले. आज बी तपकिरी झालंय, भाजल्या शेंगदाण्यावानी कुरकुरीत.

हे पत्र पाठवत न्हाय. ‘चुकले’ असं लिहवंना, कारण वाइन तर करणारच हाय. दादा हिकडं आलाय, त्याच्यासंगं पाटीभर द्राक्षं तेवढी धाडते. एक बी चावून बघा. मी किती थांबले, ते तुमाला कळंल.

तुमची लेक,
गौरी