गोळ्या उरलेल्या केसांसाठी

दूध तापवून ठेवलंय. गच्चीची किल्ली खिळ्याला आहे. आईने काढलेला कांद्याचा रस मी मोरीत ओतला. तिने विचारलं तर लावला म्हणून सांग.

अगं, तुझ्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात सापडल्या. मुद्दाम शोधल्या, कारण गेल्या आठवड्यापासून तू पुन्हा झोपेत डोकं खाजवायला लागलीस. मधे गोळ्यांनी ते थांबलं होतं. तुला कळलं नसेल, शेजारी मी झोपतो.

काल तुला न सांगता डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "वण पडलाय तिथे मुळंच उरली नाहीत, तिथे केस येणार नाहीत. गोळ्या सूज थांबवतात, म्हणजे बाकीचे वाचतात." आपण दोघं उगाच टकलाकडेच बघत बसलो. दवाखान्यातून उतरताना बराच वेळ जिन्यातच बसून होतो.

नवं पाकीट साखरेच्या डब्यामागे आहे. जेवल्यावर घे. रडायचं असेल तर मी कामावरून येईपर्यंत थांब, एकटी रडू नकोस.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू कारखान्यात क्रेन चालवत होतीस आणि तुझ्या डोक्यावर हेल्मेट होतं.