दुकान बंद झाल्याची तारीख

१७ जाने. २०२२, सोम. आल्मेरे
आन्नेके बाई येऊन गेल्या. इथल्या इतिहास मंडळाच्या. लायब्ररीत शहरातल्या जुन्या दुकानांचं प्रदर्शन लावणार आहेत. शहर माझ्याहून वयाने लहान, त्याला इतिहास. आपल्या किराणा दुकानाचाही फलक आहे. ह्यांची मुलाखत सप्टें. २०२० मध्येच घेऊन ठेवली होती, जाण्याच्या महिनाभर आधी. आता हे नाहीत, म्हणून फॉर्मवर माझी सही हवी. मास्क लावून दारातच उभ्या होत्या. आत या म्हटलं नाही.

२२ जाने. शनि.
रेवा युट्रेख्टहून आली. फलकाचा मजकूर डचमध्ये, लेकीकडून वाचून घेतला. वर ठळक अक्षरात: २००९ ते ऑक्टोबर २०२०. खाली: मालकाच्या निधनाने दुकान बंद.
हे २९ ऑक्टो.ला गेले. दुकान मी गेल्या डिसेंबरपर्यंत चालवलं. चौदा महिने, एकटीने. लॉकडाउनमध्ये दारात टेबल लावून. आन्नेके बाईंनी त्याच टेबलावरून मसूरडाळ नेली आहे.
मुलाखतीत माझ्याबद्दल एक ओळ. "घरच्यांची थोडी मदत व्हायची." रेवा ती भरभर वाचून पुढे गेली. मी परत वाचायला लावली.
चकलीची भाजणी आईकडून शिकलो, असंही आहे. सासूबाई भाजणी विकत आणायच्या.

२४ जाने.
रेवाने बाईंना फोन केला. तारीख बदलतील, चूक मंडळाची, माफी मागितली. मुलाखतीचं वेगळं. तो मजकूर ह्यांनी तेव्हा वाचून मान्य केला होता. फॉर्मवर तीन चौकटी: आहे तसं छापा, बदलून छापा, छापू नका. एकीत खूण करायची. १२ फेब्रु.पर्यंत.
रेवा म्हणाली, "बदल ना आई. इट्स नॉट ईव्हन ट्रू."
म्हटलं, अगं त्यांनी वाचून मान्य केलंय.
"दॅट्स वर्स."


२८ जाने.
पुण्याहून वन्संचा फोन. ह्यांच्या थोरल्या बहिणीला रेवाने सगळं सांगितलेलं दिसतं. आधी तब्येत, हवा, मग मुद्द्यावर. "सुनंदा, माणूस गेला. आता त्याचे शब्द तरी राहू देत. तुझा फोटो लावून काय करायचंय?" फोटोचं मी काही बोललेच नव्हते.
हे गेल्यावर सहाव्या दिवशी मी दुकान उघडलं. दिवाळीच्या भाजणीच्या ऑर्डरी ह्यांनीच घेऊन ठेवलेल्या. लोकांना काय, सुतक आहे सांगायचं? तेव्हाही असाच फोन आला होता. "दहावं व्हायच्या आत गल्ला उघडलास?"
म्हणजे दुकान त्या दिवशी चालू होतं, याला साक्षीदार एकट्या वन्सं.

३१ जाने.
बाईंकडे मूळ रेकॉर्डिंग मागितलं. मोडक्या डचमध्ये, स्वतः. रेवाला सांगितलं नाही. ह्यांचा आवाज ऐकून पंधरा महिने झाले. फोनमधले व्हिडिओ मी लावत नाही.

५ फेब्रु.
ऐकलं. चाळीस मिनिटं. डच छान बोलायचे. बाईंना दोनदा हसवलं. घरी एवढं कधी…
मध्येच घरघर सुरू होते. मागच्या खोलीतली चक्की. भाजणी दळत होते मी. बाई विचारतात, कसला आवाज? हे म्हणतात, मशीन. मग मराठीत, मोठ्याने, "अगं, बंद कर ते जरा. महत्त्वाचं चाललंय."
घरघर थांबते.
मग बाईंचा प्रश्न, भाजणी कुठे शिकलात? हे म्हणतात, आईकडून.
मजकुरात चक्की नाही, ते मराठी वाक्यही नाही. कोणाला कळणार होतं म्हणा.

११ फेब्रु. शुक्र.
उद्या शेवटचा दिवस. रेवाचा फोन, काय ठरवलंस. बघते म्हटलं.
बदलून छापलं तर ह्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. आहे तसं छापलं तर मी नव्हतेच. छापू नका म्हटलं तर दुकानच नव्हतं. हे असते तर विचारलं असतं, असं वाटतं खरं. पण अकरा वर्षं होतेच की. कुठे विचारलं.
ते मराठी वाक्य परत ऐकलं. तेवढंच. वाटलं होतं, वैतागलेले असतील. नव्हते. जेवायला वाढ म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. वैतागलेले असते तर सोपं गेलं असतं.
सुधारलेली तारीख तपासली. डिसेंबर २०२१, बरोबर आहे. खाली पूर्ण नावाने सही केली.
चौकटी तिन्ही कोऱ्या आहेत.