वुर्त्सबुर्गचा एक मुक्काम

प्रिय विब्के,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझे सासरे होते तेव्हापासूनच कुरकुरतोय. हे पत्र लिहितेय ते बेनेडिक्टला ठाऊक नाही, तूही सांगू नकोस. मी तुमच्या त्या मुक्कामाचा विचार करत बसलेय. दर उन्हाळ्यात तुम्ही कीलहून इटलीला निघता, वाटेत वुर्त्सबुर्गला माझ्याकडे एक रात्र टेकता आणि सकाळी कॉफी पिऊन पुढे जाता. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पण यंदाचा मुक्काम काही केल्या माझ्या डोक्यात नीट बसत नाही.

गाडी दारात थांबली तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. एरवी तुम्ही भांडतच उतरता. तो म्हणतो, "डावीकडे वळ म्हटलं होतं मी!" तू म्हणतेस, "म्हटलं नव्हतंस, पुटपुटला होतास!" आणि मी खिडकीत उभी राहून हसते. यंदा तू त्याला म्हणालीस, "ती लाल बॅग जरा देतोस का, प्लीज?" आणि तो लगबगीने म्हणाला, "हो, हो, देतो ना." मला वाटलं, चला, दोघं शहाणी झाली एकदाची. मग त्याने आपली पिशवी माडीवरच्या लहान खोलीत नेऊन टाकली. "हल्ली फार घोरतो मी, आई. विब्केची झोपमोड होते." त्याचे वडीलही घोरायचे, आणि मी जन्मभर शेजारी झोपले. पण म्हटलं, नव्या लोकांची नवी तऱ्हा.

नंतर तू स्वयंपाकघरात आलीस आणि बाह्या सरसावून म्हणालीस, "आज बटाट्याचे गोळे मी करते. तुम्ही नुसतं सांगा." मी तुझ्याकडे बघतच राहिले. लग्न होऊन आलीस तेव्हा हेच गोळे काट्याने टोचून तू म्हणाली होतीस, "आई, हे जेवायचे की किल्ल्यावरून फेकायचे?" समुद्राकाठची पोर तू, तुला मासे प्रिय. आणि आता किसलेला बटाटा किती पिळायचा, आत पावाचे तळलेले तुकडे कधी घालायचे, हे सगळं विचारत होतीस. "मुलांना तुमच्या हातचेच आवडतात, मला जमायला हवेत," असं म्हणालीस. मी आपली खूश! पहिले दोन पाण्यात फुटले, तेव्हा तू हसलीस आणि लगेच तोंड फिरवून नळ सोडलास. कांदा तर आपण चिरलाच नव्हता.

संध्याकाळी जुन्या पुलावर गेलो. हातात वाइनचा पेला, कठड्यावर कोपर, खाली माईन नदी. मला याहून जास्त काही लागत नाही. तू एका अनोळखी माणसाला फोन देऊन आपला सगळ्यांचा फोटो काढायला लावलास. मग म्हणालीस, "आता एक फक्त मी, मुलं आणि त्यांची ओमा." बेनेडिक्ट मुकाट्याने बाजूला झाला. मी म्हटलं, "अरे, तू कुठे चाललास?" तर म्हणतो, "माझे तुझ्यासोबत पुष्कळ आहेत." येटेने माझी बाही घट्ट धरली होती. नऊ वर्षांची पोरगी, एरवी तिचं तोंड मिटत नाही, पण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी विचारलं, "पोट दुखतंय का गं?" तिने नुसती मान हलवली.

सकाळी धाकटा ओले पावाला जॅम फासता फासता म्हणाला, "ओमा, पुढच्या वर्षी आम्हाला सुट्टी दोनदा!" मी म्हटलं, "मजा आहे बाबा एका माणसाची!" तेवढ्यात तू कॉफी बघायला उठलीस. कॉफी तर टेबलावरच होती, विब्के. आणि निघताना तू मला एकदा मिठी मारलीस, गाडीपर्यंत गेलीस, परत येऊन दुसऱ्यांदा मारलीस आणि म्हणालीस, "जपा स्वतःला, रोस्विथा." इतकी वर्षं तू मला आई म्हणत आलीस. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी फाटकात उभी होते. माझं काही चुकलं का, जेवणात काही कमी पडलं का, हेच मनात घोळत होतं.

रविवारी बेनेडिक्टचा फोन आला. "आई, बसलीयेस ना?" म्हणाला. मग म्हणाला, तुमचं वेगळं व्हायचं वसंतातच ठरलं होतं. इटलीतलं घर सुट्टीसाठी आधीच भाड्याने घेऊन ठेवलेलं, म्हणून मुलांसाठी एकदा शेवटचं एकत्र जाऊन आलात. मी विचारलं, "मुलांना ठाऊक होतं?" "होतं. ओमाला एवढ्यात सांगू नका म्हटलं होतं." म्हणजे माझ्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पाच वर्षांच्या पोरालासुद्धा, आणि मी तेवढी गोळे वाढत होते. मी विचारलं, "चूक कोणाची?" "कोणाचीच नाही, आई." हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तुझे सासरे आणि मी, आम्ही रेडिओच्या आवाजावरून बशा फोडल्या आणि एकत्र म्हातारे झालो. तुम्ही एकमेकांना प्लीज म्हणता आणि वेगळे होता. मी कोणावर रागवू? त्याच्यावर रागवावं तर तो फोनवर रडत होता. तुझ्यावर रागवायला गेले तर तुझे फुटलेले दोन गोळे डोळ्यांपुढे येतात. शेजारच्या क्रेसेन्त्सला विचारलं, मुलगा आणि सून वेगळे झाले की सून आपली कोण लागते? ती म्हणाली, "कोणी नाही. नातवंडांची आई, बस." मी तिच्याकडचा केक अर्धा टाकून उठून आले.

काल बाजाराला निघताना दारामागच्या खुंटीला एक जास्तीची किल्ली दिसली, निळ्या दोऱ्याची. तुझे सासरे गेले त्या हिवाळ्यात तू महिनाभर माझ्याजवळ राहिली होतीस, तेव्हा दिलेली. आधी वाटलं, विसरलीस. पण तू विसरणाऱ्यातली नाहीस. माझ्या हातात द्यायला तुला धीर झाला नसेल, म्हणून गुपचूप लावून गेलीस. बेनेडिक्ट म्हणतो, तिला पत्र लिहू नकोस, तिला जड जाईल. जाऊ दे जड. तुमचं काय बिघडलं ते मला कळत नाही, कदाचित कधीच कळणार नाही, आणि मी ते विचारणारही नाही. पण ती किल्ली मी त्याच्या बायकोला दिली नव्हती, तुला दिली होती. या पाकिटात घातली आहे. परत करायचीच असेल तर स्वतः घेऊन ये. आणि आलीस की घंटा वाजवत बाहेर उभी राहू नकोस, दार उघडून सरळ आत ये.

तुझीच,
आई